पूर्व स्टँडचं पाणी

संपादकांचा फोन आला. "तुम्ही इतकी वर्षं क्रिकेटच्या स्टेडियममध्ये काढलीत, खेळाडूंच्या आठवणी लिहा." मी म्हटलं, "अहो, खेळाडूंचा आणि माझा संबंध त्यांच्या बाथरूमचा गीझर बिघडला तरच यायचा." ते हसले. मला वाटलं, सुटलो. तर म्हणे, "मग गीझरचं लिहा." आता दिवाळी अंकाला गीझर चालतो म्हटल्यावर माझी काय हरकत?

तर मी प्लंबर. स्टेडियमच्या पाणी आणि ड्रेनेजचा सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो, पण सुपरवायझर हा शब्द ओळखपत्रावरचा. हातात पाना कायम होता आणि पँटचे गुडघे कायम ओले. लग्नाकार्यात कुणी विचारलं, "कुठे असता?" की मी स्टेडियमचं नाव सांगायचो. समोरच्याचे डोळे चमकायचे आणि पुढचा प्रश्न ठरलेला, "मग पास मिळतील का?" कामाबद्दल कुणी विचारायचंच नाही.

ते आज सांगतो. लोक म्हणतात, स्टेडियममध्ये मजा येते ती वातावरणाची. वातावरण म्हणजे काय? डोक्यावर ऊन असताना दहा पावलांवर प्यायला गार पाणी मिळणं, संडासात पाय ठेवायला कोरडी जागा असणं आणि परत आल्यावर आपली खुर्ची आपल्यालाच मिळणं. एवढं जमलं तर आपला संघ हरला तरी माणूस घरी जाऊन "मजा आली" म्हणतो. यातलं एक जरी बिघडलं, तर जिंकलेल्या सामन्यालाही तो स्वारगेटला बस मिळेपर्यंत शिव्या घालत बसतो.

सामना मी मैदानात कधी बघितलाच नाही. पूर्व स्टँडच्या खाली पंपाची खोली. टाकीच्या कडेला एक पारदर्शक नळी होती, तिच्यात पाणी किती उरलंय ते दिसायचं. त्या नळीवरून मला सामना कळायचा. पाणी जागच्या जागी थांबलंय, म्हणजे वर चुरस आहे, कुणी खुर्ची सोडत नाहीये. झरझर उतरायला लागलं, म्हणजे खेळ रटाळ चाललाय. आणि आपला नावाजलेला फलंदाज बाद झाला की मिनिटभरात नळी धाडकन खाली यायची, कारण इतका वेळ दाबून बसलेले सगळे एकदमच उठायचे! इक्बालभाई, आमचे इलेक्ट्रिशियन, पंपाचं सगळं तेच बघायचे, कानाला रेडिओ लावून बसायचे. मी त्यांच्याआधी सांगायचो, "गेला बघा आपला." ते म्हणायचे, "पवार, तुम्ही माणूस आहात की मीटर?"

एकदा हिंजवडीतल्या कुठल्याशा कंपनीतल्या पाच-सहा मुली आल्या होत्या. त्यातली एक पायऱ्यांवर डोकं धरून बसलेली. मी पाणी पुढे केलं तर म्हणाली, "नको काका. सकाळपासून पाणी प्यायलेच नाहीये. इथलं लेडीज टॉयलेट पार त्या टोकाला आहे आणि लाइन इतकी असते की अर्धी मॅच तिथेच जाते. सो आम्ही पाणीच पीत नाही." माझ्या डोक्यात उजेड पडला. मी इतकी वर्षं पाण्याचा हिशेब लावत होतो, आणि बायकांच्या बाजूच्या नळांना मागणी कमी म्हणून खूश होत होतो. दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "वरून मंजुरी घ्यावी लागेल." मंजुरी यायची तेव्हा येईल म्हणून मी पुरुषांच्या दोन ब्लॉकपैकी एकावर स्वतःच 'महिला' असं रंगवून टाकलं. मंजुरी नंतर आली. ते अक्षर जरा तिरकं आलंय, पण अजून आहे.

आता दामले सर. गणिताचे निवृत्त मास्तर, राहणार शनिवार पेठ. पूर्व स्टँडचे कायमचे गिऱ्हाईक. स्टेडियममध्ये तक्रारवही असते हे बहुतेकांना माहीत नसतं. सर आल्या आल्या तीच मागायचे. आता तक्रारी मोबाइलवरून करायच्या असतात, चौकोनी छाप स्कॅन करून. सरांनी तो छाप बघितला आणि म्हणाले, "मला माणसाकडे तक्रार करायची आहे, ठिपक्यांकडे नाही." मग त्यांच्यापुरती वही चालू ठेवली. खुर्चीवरचा सात हा एकासारखा दिसतो, भेळेत कांदा ओला आहे, समोरच्या जाहिरातीत व्याकरणाची चूक आहे. दर सामन्याला पानभर. वाचून मी सही करायचो आणि विसरून जायचो. सरांनाही ते माहीत असावं. "वाचलंत ना? पुष्कळ झालं," असं म्हणून ते जागेवर जाऊन बसायचे.

ज्या दिवसासाठी हे सगळं लिहायला बसलोय, त्याच्याआधी थोडं नळाचं सांगायला हवं. स्टेडियममध्ये पाण्याच्या दोन लाइनी असतात. एक प्यायच्या पाण्याची. दुसरी वापरायच्या पाण्याची, म्हणजे बोअरचं पाणी, संडासाला आणि झाडांना. या दोन्ही एकमेकींना कधीही भेटता कामा नयेत. प्लंबरला हे पहिल्या वर्षात शिकवतात.

एका सामन्यात बोअरचा पंप जळाला. स्टँड भरलेला, संडास कोरडे, आणि वास वर चढायला लागलेला. मी काय केलं, पंपाच्या खोलीत दोन्ही लाइनींमध्ये एक पाइप जोडला, मध्ये व्हॉल्व्ह टाकला आणि प्यायचं पाणी संडासाकडे वळवलं. पाऊण तासात काम फत्ते. मॅनेजरसाहेबांनी पाठ थोपटली, इक्बालभाईंनी चहा पाजला. मी दोन दिवस कॉलर ताठ करून फिरत होतो.

आता यातली मेख. व्हॉल्व्हवर एक दांडा असतो. दांडा पाइपाच्या रेषेत, म्हणजे पाणी चालू. दांडा आडवा, म्हणजे बंद. जगात कुठेही जा, नियम हाच. पण माझा पाइप भिंतीला इतका चिकटून होता की दांडा आडवा करायला गेलं की भिंतीवर आपटायचा. व्हॉल्व्ह बंदच होईना. घाई होती. मी नट काढला, दांड्याची अडणारी कड कानशीने घासली आणि दांडा पाव वळसा फिरवून पुन्हा बसवला. मस्त फिरायला लागला. फक्त अर्थ उलटा झाला: आडवा म्हणजे चालू, रेषेत म्हणजे बंद. पंप दुरुस्त झाल्यावर मी दांडा रेषेत केला, म्हणजे बंद केला. पाइप काढायचा राहिला. पाणी उलटं येऊ नये म्हणून एक झडप बसवायची असते, तीही राहिली. एक पाटी लिहायची होती, "हा दांडा उलटा आहे." तेही राहिलं. नंतर करू, नंतर करू. खोली माझी, पाइप माझा, आणि मी काय कुठे पळून जाणार होतो? असं दीड वर्ष गेलं.

तो दिवसभराचा सामना होता. ऊन असं की लोखंडी कठड्याला हात लावता येत नव्हता. बाहेरून पाण्याची बाटली आत आणू देत नाहीत, त्यामुळे सगळा स्टँड आमच्या नळांवर, आणि प्यायच्या लाइनीतला पाण्याचा जोर उतरलेला. सकाळी पश्चिम स्टँडला एक जोड गळत होता, म्हणून मी तिकडे होतो.

साडेअकराच्या सुमाराला परत आलो तर दामले सर वही घेऊन उभे. "पवार, पाणी मचूळ लागतंय."

मी म्हटलं, "सर, उन्हामुळे लागत असेल."

"उन्हाने पाणी गरम होतं. मचूळ होत नाही. लिहून ठेवलंय."

मी सही केली. खरं सांगतो, वाचलंसुद्धा नाही. मागच्या सामन्याला त्यांना चहात पुदिन्याचा वास आला होता. मी पुढे चालायला लागलो. वीस पावलांवर एक बाई लहान मुलीला ओंजळीने पाणी पाजत होती, आणि ती मुलगी थुंकली. "आई, हे पाणी घाण आहे!" आई म्हणाली, "नाटकं करू नकोस, पी." मी वाकलो आणि नळाखाली हात धरून एक घोट घेतला.

बोअरचं पाणी! तीस वर्षं या धंद्यात काढल्यावर जीभ चुकत नाही. मी जिन्यावरून कसा उतरलो ते आठवत नाही. खोलीचं दार ढकललं आणि बघतो तर दांडा आडवा. जगातल्या कुठल्याही प्लंबरला तो बघून हायसं वाटलं असतं, कारण आडवा म्हणजे बंद. तो चालू आहे हे त्या अख्ख्या स्टेडियममध्ये एकट्या मला माहीत होतं. वर हजारो माणसं संडासाच्या टाकीतलं पाणी पीत होती, आणि ती वाट मी करून ठेवलेली होती.

दांडा फिरवला. पण तेवढ्याने भागत नाही. लाइनीत शिरलेलं पाणी नळापर्यंत पोचलेलंच असतं. सगळी लाइन रिकामी करून धुवायला हवी, आणि तोवर स्टँडचं पाणी बंद. भर दुपारी, त्या उन्हात. एक क्षण मनात आलं की गुपचूप लाइन धुवून टाकावी, कुणाला कळणार आहे? पण ती थुंकणारी मुलगी डोळ्यांसमोरून हलेना. मी वर जाऊन प्यायच्या पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, मॅनेजरसाहेबांना फोन केला आणि म्हटलं, "साहेब, पूर्व स्टँडचं पाणी पिऊ नका म्हणून जाहीर करा, आणि मिळतील तेवढे जार मागवा. प्यायच्या लाइनीत बोअरचं पाणी गेलंय."

पुढचा दीड तास काय शिव्या खाल्ल्या म्हणता! "तिकिटं ऑनलाइन घेता, पाणी पण ऑनलाइन देणार का?" असं एकाने विचारलं. जार आले, पण लोक तुटून पडले. धक्काबुक्की होणार असं वाटलं, तेवढ्यात दामले सर मधे उभे राहिले. हात मागे बांधून, वर्गात उभं राहावं तसे. "रांग. मुलं आणि म्हातारे आधी. मी म्हातारा आहे, पण मी शेवटी घेईन." कुणीतरी म्हणालं, "तुम्ही कोण?" सर म्हणाले, "ज्याने सकाळी सांगितलं होतं तो." रांग लागली. मी तिकडे न बघता जार उतरवत राहिलो, कारण मान वर करायची लाज वाटत होती.

दुपारी लाइन धुवून झाली. पाण्याचे नमुने तपासणीला गेले. मग मॅनेजरसाहेबांनी आम्हाला ऑफिसात बोलावलं. मला आणि इक्बालभाईंना.

"व्हॉल्व्हला हात कुणी लावला?"

इक्बालभाई लगेच म्हणाले, "मी लावला, साहेब. इतके दिवस तिकडे लक्ष गेलं नव्हतं, आज सकाळी राउंडला गेलो तर दांडा रेषेत दिसला. म्हटलं, हा चुकून उघडा राहिलाय, पिण्याच्या पाण्याचा घोटाळा होईल. म्हणून बंद केला."

"बंद केला की उघडला? अहो, इतकी वर्षं काम करता, चालू-बंद कळत नाही तुम्हाला?"

इक्बालभाईंना खरंच कळत नव्हतं. बंद केलेल्या व्हॉल्व्हमधून पाणी गेलं कसं, हेच ते मनाशी जुळवत होते. स्वतःच्या हातावर संशय आल्यासारखे हाताकडे बघत होते. त्यांच्या घरी धाकट्या मुलीचं लग्न ठरलेलं. नोकरी कंत्राटी. साहेबांनी हात पुढे केला. "पास जमा करा. उद्यापासून येऊ नका."

हे लिहिताना आजही माझा हात थांबतो. मी गप्प होतो. साहेब बोलत होते, मी गप्प. इक्बालभाई हाताकडे बघत होते, मी गप्प. माझ्या निवृत्तीला आठ महिने उरलेत, हाच विचार डोक्यात. निष्कलंक नोकरी, निरोप समारंभ, शाल, नारळ. इक्बालभाईंनी गळ्यातली पासाची दोरी डोक्यावरून काढायला घेतली. ती त्यांच्या चष्म्यात अडकली. ते ती सोडवायला लागले.

"साहेब, त्यांनी बरोबर केलं," मी म्हटलं. "दांडा उलटा आहे. मी बसवलाय."

मग सगळं सांगितलं. भिंत, कानस, राहून गेलेली झडप, न लिहिलेली पाटी. इक्बालभाई माझ्याकडे बघत होते. साहेबांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग म्हणाले, "पवार, तुम्ही घरी जा. रिपोर्ट येईपर्यंत येऊ नका. कुणाला काही झालं असेल तर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही."

"वाचवू नका," मी म्हटलं. ऑफिसातून बाहेर पडलो तेव्हा इक्बालभाई माझ्या पुढून निघून गेले.

ते दोन दिवस शत्रूवरही येऊ नयेत. जंतू आहेत की नाहीत हे कळायला तेवढा वेळ लागतोच. सौ. म्हणाली, "जेवा तरी." घास उतरेना. कुठे अँब्युलन्स वाजली की वाटायचं, पूर्व स्टँडचाच कुणीतरी. दुसऱ्या दिवशी राहवेना, तेव्हा शनिवार पेठेत दामले सरांकडे गेलो. दार त्यांनीच उघडलं.

"सर, पोट कसं आहे?"

"माझं पोट हा माझा खासगी विषय आहे," सर म्हणाले. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "उत्तम आहे. आत या." मी आत गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, कोकम सरबत दिलं, आणि म्हणाले, "चुकलात. पण माझ्या वर्गात इतक्या वर्षांत स्वतःहून उभं राहून चूक सांगणारी मुलं मोजकीच निघाली. जरा उशिरा उभे राहिलात, एवढंच."

त्या संध्याकाळी साहेबांचा फोन आला. रिपोर्ट स्वच्छ होता. पाणी जड, चव वाईट, पण जंतू नाहीत. बोअरच्या टाकीत आदल्याच आठवड्यात औषध टाकलं होतं, ते कामी आलं असावं. एकाही माणसाची पोट बिघडल्याची तक्रार आलेली नव्हती. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडलो. सौ. घाबरली. मी म्हटलं, "काही नाही गं, सगळे बरे आहेत." आणि मग दोन दिवसांचं एकदम जेवलो.

साहेबांनी मला लेखी समज दिली. ती माझ्या फाइलला शेवटपर्यंत राहिली, आणि राहायलाच हवी होती. इक्बालभाईंचा पास त्यांच्याकडेच राहिला. पण पंपाच्या खोलीत मी आलो की ते उठून बाहेर जायचे. कानाला रेडिओ, नजर दुसरीकडे. एकदा मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, "चूक कुणाकडूनही होते, पवार. मला त्याचं काही नाही. मी तिथे उभा होतो, आणि तुम्हाला माहीत होतं."

पुढच्या सामन्याच्या आदल्या दिवशी मी तो पाइप कापायला खाली गेलो. इक्बालभाई खोलीतच होते. या वेळी उठले नाहीत. मी करवत लावली, पाइप हलायला लागला, तर ते आले आणि पाइप दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे राहिले. तुकडा निघाला. मी दोन्ही तोंडांना बुचं बसवली, आणि दोघांनीही एकेकदा ओढून बघितली.

मग वर गेलो. पूर्व स्टँड रिकामा, खुर्च्या उन्हात तापलेल्या. मी नळ सोडला आणि पाणी थोडं वाहू दिलं. इक्बालभाईंनी खिशातून स्टीलचा ग्लास काढला, काठोकाठ भरला आणि माझ्यापुढे धरला.

"आधी तुम्ही," ते म्हणाले.

मी ग्लास रिकामा केला. ते माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. मग त्यांनी तोच ग्लास पुन्हा नळाखाली धरला, भरला, आणि एका दमात पिऊन टाकला.